ओडिया सिनेमा : रोटी मिळाली, बेटीचे काय?

घरातला नळ गळू लागला की दुरुस्तीला जो मुलगा येतो, तो पुष्कळदा ओडिशाचा असतो. मुंबई-ठाण्या-पुण्याच्या नव्या इमारतींत पाण्याच्या पाइपांचे काम करणारे कितीतरी कारागीर केंद्रापाडा जिल्ह्यातले, त्यातही पट्टामुंडाई भागातले असतात. सुरतेच्या यंत्रमागांवर गंजाम जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. बायकामुले गावी, आपण परमुलखात, असा त्यांचा संसार. दिवसभराचे काम संपले की खोलीत दहाजण दाटीने झोपतात आणि मोबाइलवर आपल्या भाषेतला सिनेमा लावतात. त्या सिनेमात बहुधा प्रेमाची गोष्ट असते.

वाचकहो, आपण हिंदी सिनेमाबद्दल तावातावाने बोलतो, मराठी सिनेमाबद्दल अभिमानाने बोलतो. पण आपल्याच शेजारी घाम गाळणाऱ्या या माणसाच्या भाषेतल्या पडद्यावर प्रेम कसे रंगले, नवरा-बायको कसे दिसले, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून आज ओडिया सिनेमाची थोडी ओळख करून घेऊ. करमणूक म्हणून तर करूच, पण त्यातून आपल्या घरालाही उपयोगी पडेल असे काही हाती लागेल.

१९३६ चा उन्हाळा

पहिल्यांदा एक योगायोग सांगतो. १ एप्रिल १९३६ रोजी ओडिशा हा वेगळा प्रांत झाला. (तेव्हाचे नाव ओरिसा, ‘ओडिशा’ हे नाव अधिकृतपणे २०११ साली आले.) त्याच महिन्याच्या २८ तारखेला पुरीच्या लक्ष्मी टॉकीजमध्ये पहिला ओडिया बोलपट लागला. चित्रपटाचे नाव ‘सीता विवाह’, दिग्दर्शक मोहन सुंदर देव गोस्वामी. तीस हजार रुपयांच्या आत तयार झालेला हा चित्रपट. आमच्यासारख्या हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाला त्यातली एक नोंद मोठी मौजेची वाटते. रामाचे काम करणाऱ्या नटाला १२० रुपये मिळाले आणि सीतेचे काम करणाऱ्या प्रभातीदेवींना १५०. नायिकेला नायकापेक्षा जास्त मेहनताना, हे आजही सहसा ऐकू येत नाही!

आणि त्यापाठोपाठच्या मे महिन्यात इकडे मुंबईत बाबासाहेबांचे ‘जातिभेद निर्मूलना’वरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मसुदा वाचून मंडळी बिचकली आणि परिषदच रद्द झाली. ते न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून काढले. त्यात त्यांनी स्पष्ट बजावले आहे, की नुसत्या सहभोजनांनी जात मरत नाही. तिच्यावर खरा उपाय आंतरजातीय विवाहाचा, कारण रक्ताचे नाते जुळल्याशिवाय आपलेपणा येत नाही. आपल्या साध्या बोलीत सांगायचे, तर रोटीव्यवहार झाला तरी बेटीव्यवहार होईपर्यंत जात शाबूत राहते.

एकाच उन्हाळ्यात एका भाषेच्या पडद्यावर पहिले लग्न लागले आणि लग्न कुणी कुणाशी करावे या प्रश्नाचे रोखठोक उत्तरही छापून आले. त्या उत्तराची फूटपट्टी हातात घेऊन आपण पुढचा प्रवास मोजू.

देवांचे संसार

‘सीता विवाह’नंतर तब्बल तेरा वर्षे ओडियात दुसरा चित्रपट निघाला नाही. दुसरा आला तो १९४९ साली, ‘ललिता’. ही जगन्नाथाच्या आख्यायिकेतली गोष्ट आहे. शबरांचा प्रमुख विश्वावसू रानात नीलमाधवाची गुप्तपणे पूजा करी. ती जागा शोधायला राजा इंद्रद्युम्नाने विद्यापती नावाच्या ब्राह्मणाला पाठवले. विद्यापतीने विश्वावसूच्या मुलीशी, ललितेशी लग्न केले. मुलीच्या हट्टापुढे बापाचे काही चालले नाही. जावयाचे डोळे बांधून त्याने त्याला देवापर्यंत नेले. जावयाने वाटेवर मोहऱ्या टाकत जाऊन रस्ता ओळखून ठेवला आणि राजाला कळवला.

ओडिशाच्या घराघरांत ही कथा भक्तिभावाने सांगतात. पुरीच्या मंदिरातले दैतापती सेवक आपले मूळ या शबर घराण्याशी जोडतात. आपण मात्र एक साधा प्रश्न विचारू. या लग्नात कुणाला काय मिळाले? राजाला देव मिळाला, विद्यापतीला नाव मिळाले. ललितेने जीव लावला, तिच्या बापाने विश्वास टाकला आणि रानातला देव रानातून गेला. आदिवासी मुलगी आणि ब्राह्मण तरुण यांचे प्रेम ओडिया पडद्याने आपल्या दुसऱ्याच चित्रपटासाठी निवडले, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या आख्यायिकेतले प्रेम एका बाजूने खरे आणि दुसऱ्या बाजूने कामापुरते आहे. आपल्या लेकीबाळींना ही गोष्ट सांगताना मोहरीच्या दाण्यांचा भाग विसरू नये.

१९५४ साली ‘केदार गौरी’ आला. दोन प्रेमिकांची ही भुवनेश्वरची दंतकथा. घरचे विरोध करतात, दोघे पळून जातात. गौरीचे पाय चालून चालून दुखतात, केदार पाणी आणायला जातो आणि वाघाला बळी पडतो. गौरी तळ्यात जीव देते. त्यांच्या नावाचे देऊळ भुवनेश्वरला आहे आणि जोडपी तिथे दर्शनाला जातात. जिवंतपणी ज्यांना थारा दिला नाही, त्यांना मेल्यावर देऊळ बांधून द्यायचे, ही आपल्या देशाची जुनीच रीत!

मग १९५९ साली ‘श्री श्री महालक्ष्मी पूजा’. तिचा आधार सोळाव्या शतकातल्या बलराम दासांच्या ‘लक्ष्मीपुराणा’चा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ओडिशातल्या बाया हे पुराण वाचतात. त्यातली कथा आपल्या वाचकांनी जरूर ऐकावी अशी आहे. श्रिया नावाची चांडाळ जातीची बाई. तिने घरदार स्वच्छ करून मनोभावे पूजा मांडली, म्हणून लक्ष्मी तिच्या झोपडीत गेली. जगन्नाथाच्या थोरल्या भावाला, बलरामाला, हे खपले नाही. त्याने जगन्नाथाला सांगितले, ही बाटली, हिला घराबाहेर काढ. आणि जगन्नाथाने भावाचा शब्द मानून बायकोला घराबाहेर काढले.

पुढे मात्र लक्ष्मी रडत बसत नाही. ती आपले वैभव घेऊन जाते. दोघे भाऊ अन्नाला महाग होतात, दारोदार भीक मागत फिरतात आणि अखेर तिच्याच दाराशी येतात. ती जेवू घालते, पण अट घालते, की यापुढे पुरीत ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत सर्वांनी एकमेकांच्या हातचे खायचे, विटाळ मानायचा नाही.

चारशे-पाचशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्या कवीला दाद द्यायलाच हवी. नवरा चुकला तर त्याला उपाशी ठेवून शहाणे करणारी बायको आणि बायकोपेक्षा भावाच्या शब्दाला मान देणारा नवरा, हे चित्र आजच्या घरांतही दिसते. पण फूटपट्टी लावून पाहा. लक्ष्मीने रोटीची अट घातली. बेटीचा शब्द त्यात नाही. श्रियेच्या हातचा घास चालेल, पण श्रियेचा मुलगा जावई म्हणून चालेल का, हे पुराणाने विचारले नाही.

वहिनी, सवत आणि सून

साठच्या दशकात देव मागे पडले आणि कुटुंब पुढे आले. चित्रपटांची नावेच पाहा. ‘नुआ बोऊ’ म्हणजे नवी वहिनी (१९६२), ‘जीवन साथी’ (१९६३), ‘स्त्री’ (१९६८), पुढे ‘ममता’ (१९७५). नात्यांची नावे पाटीवर आली. प्रेम घरात शिरले, पण निर्णय वडीलधाऱ्यांच्याच हातात होता.

या काळात ओडिया सिनेमा कादंबऱ्यांच्या खांद्यावर उभा होता. १९६४ चा ‘अमडा बाट’ म्हणजे न मळलेली वाट. वसंतकुमारी पट्टनायक या लेखिकेच्या कादंबरीवर तो बेतला आहे. माया नावाच्या मुलीचे माहेरचे वाढणे, लग्न आणि मनाची घालमेल एका बाईने लिहिली आणि ती पडद्यावर आली. १९६५ चा ‘मलाजह्न’ म्हणजे विझलेला चंद्र. मूळ कादंबरी उपेंद्र किशोर दास यांची, १९२८ सालची. तिच्यातल्या सतीचा मनातला माणूस एक, लग्न दुसऱ्याशीच. गरीब बापाची मुलगी वयात आली की गाव कसे टोचते आणि त्या टोचण्याचा शेवट मुलीच्या जिवावर कसा होतो, याची ही कथा. १९६६ चा ‘का’ कान्हुचरण महांती यांच्या, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या कादंबरीवर आहे. मूलबाळ नसलेली बायको स्वतःच पुढाकार घेऊन नवऱ्याचे दुसरे लग्न लावून देते.

आमच्या आया-मावश्यांनी असे सिनेमे पाहिले असते, तर पदराने डोळे पुसत त्या बाहेर पडल्या असत्या. त्या अश्रूंची टिंगल करण्याचे कारण नाही. त्या काळच्या बाईच्या वाट्याला जे आले तेच पडद्यावर दिसले. पण या सर्व कथांत बाईचा मोठेपणा तिच्या सोसण्यावरून ठरतो. सतीने जीव दिला म्हणून ती चांगली, नंदिकेने सवत आणली म्हणून ती थोर. पुरुषाने काय सोसले, हे कुणी विचारत नाही. त्यागाचे कौतुक करणारे लोक त्यागाचे बिल कुणाच्या नावावर फाडतात, ते पाहायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

१९७६ साली ‘गप हेले बि सत’ या चित्रपटाने ओडिया पडद्यावर रंग आणले. नावाचा अर्थ, गोष्ट असली तरी खरी. त्याच वर्षी प्रशांत नंद यांनी ‘शेष श्रावण’ दिग्दर्शित केला आणि महाश्वेता राय हा नवा चेहरा लोकांना मिळाला. पाठोपाठ १९७७ च्या ‘अभिमान’मधून उत्तम महांती आले. पुढे उत्तम आणि अपराजिता ही जोडी ऐंशीच्या दशकात घरोघर लाडकी झाली. पडद्यावरचे हे नायक-नायिका खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत उत्तम महांती वारले, तेव्हा साऱ्या ओडिशाने हळहळ केली. त्यांचा मुलगा बाबुशान आज तिथला मोठा नायक आहे.

प्रभाचा प्रश्न

ऐंशीच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले काही ओडिया तरुण आपल्या मुलखात परतले आणि त्यांनी प्रेमाकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिले. मनमोहन महापात्र यांचा ‘सीत राति’ म्हणजे थंडीची रात्र. गावातल्या सधन घरचा मुलगा, तुलनेने साध्या घरातली शिकलेली मुलगी. दोघांचे जुळते, पण लग्न होत नाही. या गोष्टीत खलनायक नाही, मारामारी नाही. घरांच्या पायऱ्या वरखाली आहेत, एवढेच कारण. गावाकडच्या अशा न झालेल्या लग्नांची यादी केली, तर आपल्याही प्रत्येक आळीत दोन-चार नावे निघतील.

दुसरे नीरद महापात्र. त्यांनी आयुष्यात एकच कथापट केला, पण तो जगभर गेला. ‘माया मिरिग’, म्हणजे मायामृग. १९८४ साली तो फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या ‘समीक्षक सप्ताहा’त दाखवला गेला. पुरीतले एक जुने घर, निवृत्तीला आलेले हेडमास्तर, त्यांची म्हातारी आई, बायको, मुले आणि थोरली सून प्रभा. घरातले सगळे काम प्रभाच्या अंगावर. एक मुलगा आयएएस होतो, मोठ्या घरची मुलगी करतो आणि बायकोला घेऊन निघून जातो. मग आजवर मुकाट राबणाऱ्या प्रभाच्या मनात प्रश्न उभा राहतो, की या घराने मला काय दिले?

या चित्रपटात प्रेमाचे एकही गाणे नाही. तरी नवरा-बायकोच्या नात्याबद्दल तो जेवढे सांगतो, तेवढे पन्नास गाणी सांगणार नाहीत. एकत्र कुटुंबाचे गोडवे आपण गातो. पण ते कुटुंब कुणाच्या मनगटावर उभे असते? शिकलेल्या मुलाची नोकरी सगळ्यांना दिसते, त्याच्या डब्यासाठी पहाटे उठणारी वहिनी कुणाला दिसत नाही. आपल्या चाळीत एखादी सून ‘वेगळे राहू’ म्हणाली, की आपण तिला घर फोडणारी म्हणतो. ‘माया मिरिग’ तिला असे नाव ठेवत नाही.

आनंदाची गोष्ट अशी, की खराब झालेली या चित्रपटाची फिल्म मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केली आणि २०२४ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात तो पुन्हा पडद्यावर आला. नीरदबाबू २०१५ मध्येच वारले होते. त्यांना तो दिवस पाहायला मिळाला नाही.

पुढे सुशांत मिश्र यांचा ‘इंद्रधनुर छाई’, म्हणजे इंद्रधनुष्याची सावली, १९९५ साली कान महोत्सवात गेला. त्यात भुवनेश्वरच्या जुन्या वस्तीतल्या तीन बायका आहेत, वेगवेगळ्या वयाच्या. बाईला स्वतःचे मन असते आणि ते कुणाच्या कुंकवावर अवलंबून नसते, ही जाणीव आता पडद्यावर येऊ लागली. हिमांशु खटुआ यांच्या ‘कथांतर’मध्ये १९९९ च्या महाचक्रीवादळातून वाचलेली तरुण विधवा आहे. त्या वादळाने ओडिशात सुमारे दहा हजार माणसे नेली. जी मागे राहिली त्यांच्या दुःखाचे फोटो निघाले, बातम्या झाल्या. पण त्या बाईने पुन्हा जगायचे ठरवले, तर कोण तिच्या बाजूने उभे राहणार? पूर्वीच्या सिनेमातली विधवा पांढऱ्या साडीत कोपऱ्यात बसे. ही कोपऱ्यातून उठून उभी राहते.

शंभरातले चाळीस

एवढा प्रवास पाहून कुणी म्हणेल, झाले की परिवर्तन! आणि गल्ल्याच्या सिनेमाकडे पाहिले, तर ते आणखी ठळक दिसते. २००५ साली ओडियात चित्रपट आला ‘आय लव्ह यू’, २०१२ साली ‘समथिंग समथिंग’, २०१६ साली ‘लव्ह स्टेशन’. कुठे ‘नवी वहिनी’ आणि कुठे ‘आय लव्ह यू’! नाते सांगणारी पाटी गेली आणि इंग्रजी कबुलीची पाटी आली. मुलगा-मुलगी स्वतः एकमेकांना निवडू लागली. तेलुगू-तमिळ चित्रपटांवरून बेतलेल्या कथा, परदेशातली गाणी, मोटरसायकलवरचा नायक. तरुण पोरांना हे आवडले, यात नवल नाही.

पण आपल्याला अजून एक हिशेब मांडायचा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ओडिशात अनुसूचित जातींचे लोक १७ टक्क्यांच्या वर आणि अनुसूचित जमातींचे जवळजवळ २३ टक्के. म्हणजे शंभरातले चाळीस लोक पाण, डोम, गंडा, हाडी, बाउरी, कंडरा या जातींचे आणि कंध, संताळ, सौरा अशा जमातींचे. हे चाळीस लोक पडद्यावर प्रेम करताना किती वेळा दिसले? श्रीमंत-गरीब अशा जोड्या ढिगाने दिसतात. नायक गरीब असतो, पण त्याचे आडनाव सांगितले जात नाही, त्याची वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला आहे ते दाखवले जात नाही. गरिबी शेवटच्या रिळात लॉटरीने किंवा कर्तबगारीने दूर होते. जात तशी दूर होत नाही, म्हणून तिचे नावच घेत नाहीत.

ज्यांनी कष्टकऱ्यांकडे पाहिले, त्यांच्या हातून मात्र मोलाच्या कलाकृती झाल्या. १९८६ साली पार्वती घोष या बाईंनी ‘छ माण आठ गुंठ’ दिग्दर्शित केला. फकीरमोहन सेनापती यांची ही कादंबरी १८९७ पासून मासिकात क्रमशः आली होती. ‘गुंठा’ हा शब्द आपल्या सातबाऱ्यावरचाच, म्हणून नाव लगेच कळते. भगिया आणि सारिया हे विणकर जोडपे. जमीन सहा माण आणि आठ गुंठे, एक गाय आणि एकमेकांवर जीव. मूल नाही एवढेच दुःख. त्या दुःखावर गावचा जमीनदार मंगराज डाव टाकतो. देवीचे देऊळ बांधलेस तर मूल होईल, अशी भर सारियेच्या कानात घातली जाते. देवळासाठी कर्ज, कर्जापायी जमीन गहाण, मग जमीन गेली, घर गेले, गायही गेली. सारिया मंगराजाच्या दाराशी उपाशी बसून मरते आणि भगिया वेडा होतो.

आता हे जोडपे ‘का’मधल्या जोडप्याशेजारी उभे करा. तिथे मूल नाही म्हणून घरात सवत आली. इथे मूल नाही म्हणून भगियाने दुसरी बायको केली नाही. बायकोच्या मनासाठी त्याने जमीन पणाला लावली आणि बायको गेल्यावर त्याची शुद्ध गेली. ओडिया साहित्यातले खरे प्रेम पाहायचे असेल, तर या विणकराच्या झोपडीत पाहावे. आणि अंधश्रद्धा प्रेमळ माणसालाच आधी कशी गाठते, तेही तिथेच पाहावे. नवस, अंगारे-धुपारे, बाबा-बुवा यांच्या नादी लागून घर धुवून निघालेली जोडपी आपल्या ओळखीत नाहीत का?

दुसरा चित्रपट १९८९ चा ‘भूखा’, सब्यसाची महापात्र यांचा. पश्चिम ओडिशाच्या संबलपुरी बोलीतला हा पहिला चित्रपट. दुसऱ्यांच्या लग्नात ढोल, निसाण, ताशा, मोहरी वाजवून पोट भरणाऱ्या वाजंत्र्यांची ही कथा. गावात बँडपार्टी आली आणि यांच्या पोटावर पाय आला. आपल्या वाचकांना यातले काही समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्याच्या वरातीपुढे हलगी कुणी वाजवली आणि मांडवाबाहेर जेवण कुणाला वाढले, हे आपल्या आजोबांनी सांगितलेले आहे. इतरांच्या लग्नांचा आनंद ज्यांच्या हातातून निघतो, त्यांच्या स्वतःच्या संसाराची कथा सिनेमात यायला ५३ वर्षे लागली.

आणि २०१७ साली ओडियात ‘लैला ओ लैला’ आला. तो आपल्या नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’वरून केलेला. करमाळ्याच्या मातीतली गोष्ट कन्नड, पंजाबी, बंगाली आणि हिंदीबरोबर ओडियातही गेली, याचा आपल्याला आनंदच आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कथा दुसऱ्याकडून आणता येते, जात दुसऱ्याकडून आणता येत नाही. आर्ची पाटलाची आहे म्हटल्यावर मराठी प्रेक्षकाला तिच्या वाड्याची उंची, तिच्या भावाच्या मिशीचा पीळ आणि पारध्याची वस्ती सगळे क्षणात कळते. ओडिशात ही उतरंड वेगळ्या नावांची आहे. तिथे करण आहे, खंडायत आहे, पाण आहे, हाडी आहे. ज्या दिवशी तिथल्याच गावातला, तिथल्याच वस्तीतला कुणी मुलगा किंवा मुलगी कॅमेरा हाती घेऊन ती नावे उच्चारील, त्या दिवशी ओडिया पडद्यावर बेटीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहील. आपल्याकडेही मराठी सिनेमाला १९१३ पासून शंभर वर्षे झाली, तेव्हा कुठे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आले. त्यामुळे दुसऱ्याला हिणवण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.

घरात काय बोलावे?

सरकारी कागदावर ओडिशा पुढे आहे. आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्यांसाठीचे अनुदान तिथल्या सरकारने वाढवून अडीच लाख रुपये केले. पण पैसे मिळाल्याने गाव दार उघडतेच असे नाही. त्यासाठी माणसांची मने तयार व्हावी लागतात आणि मन तयार करण्याचे काम कायद्याइतकेच गोष्टींचेही असते. गोष्टी आज घरात मोबाइलवरून येतात, कुणी तिकीट फाडत नाही आणि कुणी थांबवत नाही. म्हणून सिनेमाकडे ‘टाइमपास’ म्हणून पाहून चालणार नाही.

वधू-वर मेळाव्याच्या टेबलावर बसून अर्ज भरून घेताना आम्ही ‘अपेक्षा’ हा रकाना नेहमी वाचतो. गोरी, उंच, नोकरीवाली, स्वतःचे घर असलेला. धम्म स्वीकारून इतकी वर्षे झाली, तरी एखादा पालक हळूच कानाशी येऊन ‘मूळचे कुठले, पोटजात कोणती’ असे विचारतो. म्हणजे रोटी-बेटीचा प्रश्न फक्त पुरीच्या मंदिरापाशी थांबलेला नाही, तो आपल्या टेबलापर्यंत येतो.

तेव्हा आई-बाबांनी मुलांबरोबर बसून कोणत्याही भाषेतला प्रेमाचा सिनेमा पाहावा आणि संपल्यावर तीन प्रश्न विचारावेत. पहिला, या गोष्टीत मुलीला नाही म्हणता आले का? दुसरा, ही दोघे कोणत्या वस्तीतली, हे सांगितले का लपवले? तिसरा, लग्नानंतर भांडी कुणी घासली? तिसरा प्रश्न ऐकून मुले हसतील. हसू द्यावे. प्रभाने संपूर्ण चित्रपटभर जे काम केले, ते एवढेच होते आणि तेवढ्याचीच कुणी दखल घेतली नव्हती.

आणि पुढच्या वेळी पट्टामुंडाईचा तो मुलगा नळ बसवायला आला, तर चहाचा कप हातात देताना त्याला विचारा, ‘भगिया-सारियेची गोष्ट ठाऊक आहे का?’ त्याने ती शाळेत वाचलेली असण्याचा संभव आहे. त्याच्या गावाकडे त्याची वाट पाहणारी कुणी असेल, तर तिच्याबद्दलही तो दोन शब्द बोलेल. चहा एका कपातून, एका घरात झाला. रोटी झाली. बेटीचे काय, हे मात्र त्याने त्याच्या गावी आणि आपण आपल्या घरी ठरवायचे आहे.